दोऱ्याच्या कलानं

शिलाई मशीनला जरीचा दोरा मानवत नाही. सुती दोरा घाला, पॉलिएस्टरचा घाला, मशीन निमूट शिवत जातं. जरीचं रीळ चढवलं की दोन विती शिवून होतात न होतात तोच दोरा तुटतो आणि सुई नुसतीच वरखाली होत राहते. गोधडीवर मशीननं नक्षीचे टाके घालायचा नाद लागलेल्या कुणालाही विचारा, पहिलं गाऱ्हाणं हेच निघेल. मग कुणी म्हणतं रीळ खराब होतं, कुणी म्हणतं मशीन जुनं झालंय, कुणी मेकॅनिकला बोलावून तेलपाणी करून घेतं. मेकॅनिक सुती दोरा घालून दोन टाके मारून दाखवतो आणि पैसे घेऊन जातो.

खरी गोम टाक्याच्या आतच आहे. मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा असतो, वरचा सुईतला आणि खालचा बॉबिनमधला. सुई कापडाखाली जाऊन जराशी वर उठते तेव्हा तिच्या पाठीशी दोऱ्याचा लहानसा फास सुटतो. बॉबिनभोवती फिरणाऱ्या शटलचं टोक तो फास पकडतं, ताणून मोठा करतं आणि अख्खी बॉबिन त्यातून पार करून देतं. लगेच वरचा दांडा सगळा दोरा परत खेचून घेतो. म्हणजे खाली जातो चांगला बोटभर दोरा, पण टाक्यात खर्ची पडतात जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. उरलेला परत वर. पुढच्या टाक्याला पुन्हा खाली. दोऱ्याचा तोच तुकडा कापडात कायमचा बसायच्या आधी सुईच्या नेढ्यातून तीस-चाळीस वेळा ये-जा करतो.

सुती दोरा ही घासाघीस सोसतो, त्याचा धंदाच तो आहे. मशीनसाठी जी जर मिळते तिच्या आत नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा गाभा असतो आणि त्यावर धातूचा मुलामा दिलेली पातळ फिल्म गुंडाळलेली असते. नेढ्याच्या कडेला ही फिल्म अडते. भिंग घेऊन सुईपाशी डोळा नेला की सगळा प्रकार दिसतो: सोनेरी फिल्म मागे सरकत, गोळा होत जाते, नेढ्याच्या वर तिचा भुरभुरीत पुंजका जमतो, त्याच्याखाली गाभा पांढरा आणि उघडा पडलेला. पुढच्या पाच-सहा टाक्यांत तो तुटणार हे तेव्हा कळतंच.

यावर उपाय आहेत आणि ते साधे आहेत. सुई बदलायची. पाकिटावर 90/14 लिहिलेलं असतं, त्यातला 90 म्हणजे सुईची जाडी 0.90 मिलिमीटर. पण त्याच नंबरात टॉपस्टिचची सुई घेतली तर तिचं नेढं साध्या सुईपेक्षा लांब असतं, आणि जरीला नेमकी तेवढी मोकळीक हवी असते. वरचा ताण चारवरून दोनवर आणायचा, प्रसंगी एकवर. बॉबिनमध्ये बारीक पॉलिएस्टरचा दोरा भरायचा. रीळ उभं ठेवून फिरू द्यायचं. आडवं ठेवून टोकाकडून दोरा ओढला की दर वेढ्यामागे एक पीळ जास्तीचा चढतो आणि त्याच्या गाठी वळतात. आणि हे सगळं करूनही पाय जोरात दाबला तर दोरा तुटतोच, कारण वेग वाढला की सुई तापते आणि घासणंही वाढतं.

गंमत ही की माणूस मशीन घेतो वेगासाठी. घरगुती मशीन मिनिटाला सात-आठशे टाके घालतं असं खोक्यावर ठसठशीत छापलेलं असतं. त्यात जर ओवली की तेच मशीन हातशिलाईच्या चालीवर येतं. टाका, टाका, टाका. वळणावर थांबायचं, सुई कापडातच ठेवायची, कापड दाबून धरणारं फूट उचलायचं, कापड फिरवायचं, फूट खाली. डोळा टाक्यावर खिळलेला राहतो. मशीनवर झरझर शिवताना माझं मन भाजी काय करायची इथपासून कुठेही भटकत असतं. जरीच्या वेळी ते जागेवर असतं. खास दोऱ्यांचं चमकणं मला आवडतंच, पण त्यांच्याशी माझं जमलं ते या मंद चालीमुळे.

पुण्यात असे दोरे घ्यायला रविवार पेठ गाठावी लागते. तिथे भाषा अशी: शिलाईच्या दोऱ्याचं रीळ, एम्ब्रॉयडरीच्या दोऱ्याचा कोन, हातकामाच्या दोऱ्याची लडी. एम्ब्रॉयडरीचा रेयॉन ‘एकशेवीस-दोन’ म्हणून मागायचा, म्हणजे 120 डेनियरचे दोन पदर. डेनियर म्हणजे 9000 मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन, तेव्हा आकडा मोठा तितका दोरा जाड. परदेशी रिळांवर साधारण याच जाडीच्या दोऱ्याला 40 नंबर असतो, म्हणजे एका किलोत 40 किलोमीटर दोरा. इथे आकडा मोठा तितका दोरा बारीक. आणि सुईच्या नंबरात पुन्हा मोठा आकडा म्हणजे जाड सुई. हे सगळं डोक्यात ठेवून गर्दीत उभं राहून बोलणं कठीण असतं. ‘भाऊ, याच्याहून थोडा जाड दाखवा’ म्हटलं की काम होतं.

रेयॉनला लकाकी सुंदर. अंगानं मऊ, टाका भरघोस दिसतो. पण ओला झाला की त्याची ताकद घटते, हे विकणारा सांगत नाही. पॉलिएस्टरच्या एम्ब्रॉयडरी दोऱ्याचे तंतू कापले तर छेद त्रिकोणी निघतो, त्यावर प्रकाश रेशमासारखा परततो आणि धुण्यालाही तो पक्का. रोज अंगावर घ्यायच्या गोधडीला मी रेयॉन लावत नाही, मग तो कितीही गोड दिसो. शेडच्या दोऱ्याचं प्रकरण निराळं. एकाच रिळात रंग काही अंतरानं पालटत जातो. सरळ टाक्यात तो झकास खुलतो, ओळीच्या ओळी आपोआप रंग बदलत जातात. भरगच्च नक्षीच्या टाक्यात एकेका पानात इतका दोरा जातो की रंगांचे ठिगळवजा डाग पडतात. तंगूस, म्हणजे आरपार दिसणारा नायलॉनचा दोरा, मात्र सगळ्यांनी एकदा वापरून बघावा; गजरेवाल्यांचा आणि गळवाल्यांचा नव्हे, शिलाईचा केसाइतका बारीक मिळतो तो. ठिगळ लावलेलं दिसतं, कशानं लावलंय ते दिसत नाही.

आता नक्षीचे टाके. साध्या झिगझॅग मशीनवर सात-आठ, त्यापुढच्यांवर वीसेक आणि डिजिटल मशीनवर शंभराच्या वर नमुने असतात. पडद्यावर बोट ठेवलं की मशीन ते घालून देतं. पानं, वेली, शिंपले, बदामाचे आकार, बदकांची रांग. बदकांची रांग एखाद्या गोधडीवर शोभलेली माझ्या तरी पाहण्यात नाही. हे नमुने उठून दिसतात ते दुकानात टांगलेल्या कांजीच्या कडक तुकड्यावर. गोधडीत खाली तीन-चार थर असतात, कापड जुनं आणि मऊ असतं, आणि नक्षीचा टाका पुढे जाता जाता मागे येतो, बाजूला सरकतो, पुन्हा पुढे जातो. खालचे दाते तळचं कापड ओढतात, वरचं मागे रेंगाळतं, मग चुण्या. सरळ शिलाईत वॉकिंग फूट, म्हणजे वरचं कापडही खालच्याबरोबर सरकवणारं फूट, हे सांभाळून घेतं, पण मागेपुढे जाणाऱ्या रुंद नमुन्यांना ते सगळीकडे चालत नाही.

आणि भोकं. सुई प्रत्येक वेळी कापडात भोक पाडते ही गोष्ट सरळ टाक्यात जाणवतही नाही. वीस वर्षं वापरून विरलेल्या सुती साडीवर दाट सॅटिन टाका, म्हणजे एकमेकांना खेटलेला झिगझॅग, घातला तर टाक्याच्या दोन्ही कडांना पोस्टाच्या तिकिटाच्या कडेला असतात तशी भोकांची रांग तयार होते, आणि दोन-तीन धुण्यांत कापड तिथूनच सुटतं. दोरा शाबूत, नक्षी शाबूत, साडी फाटलेली. म्हणून टाक्यांची दाटी कमी करायची, लांबी वाढवायची, आणि तरीही कापड कुरकुरत असेल तर तो नमुना सोडून द्यायचा.

इतक्या नमुन्यांतून मी फिरून फिरून येते ती फेदर टाक्याकडे. मधून एक वाट, तिच्या डावीकडे एक फांदी, उजवीकडे एक. दोन ठिगळांच्या जोडावर तो घातला की एक फांदी या कापडात रुतते, दुसरी त्या कापडात, आणि जोड आपसूक आवळला जातो. नक्षी दिसते, पण ती कामावर असते. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला याच टाक्याची लाट आली होती. 1876 साली फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं, त्यात लोकांनी जपानी कलाकुसर पाहिली, इंग्लंडहून आलेलं भरतकाम पाहिलं, आणि पुढच्या काही वर्षांत घरोघरच्या बायका रेशमाचे, मखमलीचे वेडेवाकडे तुकडे जोडून ‘क्रेझी क्विल्ट’ शिवायला लागल्या. जोडाजोडावर रेशमी दोऱ्याचा फेदर टाका. त्यातल्या कित्येकांत मधली भरण नसायचीच. ती पांघरुणं दिवाणखान्यात पाहुण्यांना दिसतील अशी पसरायची असत. अंगावर घेऊन कुणी झोपत असेल असं वाटत नाही.

आमच्या मोठ्या जाऊबाई सातारा जिल्ह्यात, गावी असतात. त्यांच्या हातच्या गोधड्यांवर आमच्या घरातल्या दोन पिढ्या झोपल्या. अंगणात सतरंजी टाकून त्यावर जुनी लुगडी एकावर एक पसरतात, कडेनं सुरुवात करतात आणि धावदोऱ्यानं आत आत येत मधल्या चौकात संपवतात. टाका वर दिसतो तांदळाच्या दाण्याएवढा. माझी जरीच्या टाक्यांची एक गोधडी त्यांच्याकडे नेली होती. त्यांनी ती उलटी केली, पाठीकडून बघितली, तळहात फिरवला आणि म्हणाल्या, ‘दिसाय झ्याक दिसतंय गं, पण आंगाला टोचतंय की.’ खरंच टोचत होतं. जरीचा सुटा टोकदार धागा उघड्या दंडाला लागला की झोप उडते.

दुसरी त्यांची हरकत धुण्याची. घट बसायच्या आधी गावात घरोघरची अंथरुणं-पांघरुणं निघतात आणि नदीवर जातात. सोड्यात भिजवायची, दगडावर आपटायची, दोघींनी दोन टोकं धरून पिळायची, काठावर वाळत टाकायची. गोधडीचा टाका या परीक्षेतून दरवर्षी जातो. रेयॉन त्यात ओला होऊन ढिला पडेल, जरीची फिल्म सोलून निघेल, आणि वर कुणी चुकून गरम इस्त्री फिरवली तर उरलीसुरली आक्रसून जाईल. जाऊबाईंचा मुद्दा असा की जे दगडावर टिकत नाही त्याला गोधडी म्हणायचं कशाला. त्यावर वाद घालता येतो, पण तो पुण्यातल्या वॉशिंग मशीनच्या भरवशावर.

मग मी त्यांच्याच घरातलं काळं पायमशीन मागून घेतलं. जुनं, अंगावर झिजलेली सोनेरी नक्षी, चामड्याचा पट्टा. त्याला एकच टाका येतो, सरळ. पण तो दाणेदार येतो आणि दहा थर असले तरी सुई कचरत नाही. या मशीनवर नक्षी करायची तर दोऱ्यानंच करावी लागते. हातकामाचा जाड दोरा, पर्ल कॉटन म्हणतात तो, नेढ्यातून जाणं शक्यच नाही. तो बॉबिनवर हातानं गुंडाळायचा, सैल नाही आणि करकचूनही नाही. बॉबिन केसवर एक बारीक स्क्रू असतो. तो पाव वळसा ढिला केला की जाड दोरा पट्टीखालून सरकायला लागतो. या कामाला दुसरी केस बाजूला ठेवलेली बरी, नाहीतर रोजच्या शिलाईचा ताण पुन्हा जमवताना अर्धी दुपार जाते. वर सुईत साधा पॉलिएस्टर. गोधडी पालथी घालायची, अस्तरावर खडूनं रेघ काढायची आणि त्या रेघेवरून शिवायचं.

शिवताना सुलटी बाजू दिसत नाही. दिसतो अस्तरावरचा साधा बारीक टाका, जणू काही विशेष चाललेलंच नाही. खाली काय उमटतंय ते फक्त आवाजावरून आणि हाताला लागणाऱ्या ओढीवरून कळतं; दोरा अडला की हाताखालचं कापड किंचित जड होतं. ओळ संपवून गोधडी उलटली की जाड दोरा कापडावर आडवा पसरलेला असतो आणि वरचा बारीक दोरा त्याला दर टाक्याला आवळून धरतो. मण्यांची ओळ बसवावी तसा. नेढ्यातली ती तीस-चाळीस वेळांची घासाघीस त्याच्या वाट्याला येतच नाही, कारण बॉबिनचा दोरा फक्त एकदाच बाहेर पडतो आणि जागेवर बसतो. सुती आहे, टोचत नाही, नदीवर नेता येतो. जाऊबाईंनी ही गोधडी ठेवून घेतली. कौतुकाचा शब्द काढला नाही. ती त्यांच्या खाटेवर आहे.

मशीनची शिलाई म्हणजे खरी कला नव्हे, हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही. हे काही आपल्याकडचंच नाही. 1860 च्या सुमारास अमेरिकेत मशीन घरी येणं हीच मोठी मिरवायची बाब होती, तेव्हा बायका क्विल्टवर मशीनचा टाका मुद्दाम दिसेल असा घालत. पुढे वारं फिरलं, हातशिलाई तेवढी सोवळी ठरली. ते थेट 1989 पर्यंत. त्या वर्षी केंटकीतल्या पडूका गावी अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणावरच्या क्विल्टला सर्वोच्च बक्षीस मिळालं, आणि तो मशीनवर क्विल्ट केलेला होता. तोवर असं झालं नव्हतं. बरीच खळखळ झाली म्हणतात. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनी मात्र 1924 सालीच सिंगरच्या मशीनला सूट देऊन टाकली होती. बायकोचे शिवणाचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरनं ते यंत्र केलं, त्यामागे प्रेम आहे, असं त्यांचं म्हणणं. सिंगरसाहेबांचं चरित्र वाचलं की या कथेवर विश्वास बसणं अवघड जातं. त्यांचे संसार एकाहून जास्त होते आणि मुलं दोन डझन. पण सूट दिली ते बरं झालं.

नक्षीनं काम करावं हे माझं मत. त्याला छेद देणारी एक गोष्ट नेहमी आठवते. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून ज्यांना गोव्यात आणलं त्यांतले काही निसटून घाटावरच्या रानात गेले. उत्तर कन्नडमध्ये यल्लापूर-हल्याळच्या भागात त्यांचे वंशज, सिद्दी, राहतात. त्यांच्या बायका कवंदी शिवतात, आपल्या गोधडीचीच बहीण. जुन्याच कपड्यांची ठिगळं, कडेकडून मध्याकडे येणारा धावदोरा, सगळं कामाचं. आणि सगळं शिवून झाल्यावर चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाचे त्रिकोण लावतात, त्याला फुला म्हणतात. फुला काही धरून ठेवत नाही, ऊब देत नाही. पण ती नसेल तर कवंदी उघडीबोडकी राहिली असं मानतात. तेव्हा कामाचा टाका आणि शोभेचा टाका यांतली माझी वाटणी तितकीशी पक्की नाही, हे मला ठाऊक आहे. बदकांना माझा विरोध तरीही कायम आहे.

सध्या टेबलावर सासूबाईंच्या नऊवारीचे काठ आहेत. साडी घडीवर चिरली, काठ मात्र खरे. चांदीची तार चपटी करून रेशमावर गुंडाळलेली, वर सोन्याचा मुलामा. कलाबतू म्हणायचे ती. गल्लीत जुन्या जरीच्या साड्या घेणारा येतो, काठाचा एक धागा काडीवर धरून जाळतो, राहिलेल्या तारेकडे बघतो आणि वजनावर भाव सांगतो. पुढे ते वितळवून चांदी काढतात. आमच्या काठाचा भाव त्यानं बराच चांगला सांगितला. मी दिले नाहीत.

ही जर कुठल्याच नेढ्यातून जाणार नाही, टॉपस्टिचच्याही नाही. जरदोजीवाले कलाबतू कापडातून ओवत नाहीत, वरच ठेवतात आणि दुसऱ्या बारीक दोऱ्यानं जागोजाग बांधतात. मशीनवर हेच तंगूस आणि रुंद झिगझॅगनं जमतं: जरीचा धागा फुटाच्या मधोमध धरायचा, सुई त्याच्या एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, धाग्याला एकदाही न टोचता. काठातून धागा सलग निघायला हवा, हीच अडचण. बाणा, म्हणजे आडवा धागा, कुजलाय, वितीवितीला तुटतो. निघेल तेवढ्यातून भिंतीवर लावायचा एक क्विल्ट करावा असं ठरवतेय, गडद जांभळ्या खणावर.

जाऊबाईंना फोनवर हे सांगितलं. ‘भिंतीवर?’ त्या म्हणाल्या.

‘हो ताई, टोचतं म्हणालात ना तुम्ही. म्हणून भिंतीवर.’

‘अगं पण भिताडाला काय थंडी वाजती व्हय?’